कुंडीतील वॉटरक्रेस : गॅलरीतल्या एका हिवाळ्याच्या प्रकल्प नोंदी

२० ऑक्टोबर २०२४

वॉटरक्रेस ही थंड, वाहत्या पाण्यात वाढणारी पालेभाजी पुण्यातील तिसऱ्या मजल्यावरच्या पूर्वाभिमुख गॅलरीत, कुंडीमध्ये वाढवता येते का, हे तपासण्यासाठी या नोंदी आजपासून ठेवत आहे. इंग्लंडमध्ये तिची व्यापारी लागवड १८०८ साली विल्यम ब्रॅडबेरी यांनी केंट परगण्यात सुरू केली. पुढे हॅम्पशायरमधील आल्रेसफर्डचा परिसर या भाजीसाठी प्रसिद्ध झाला, तो तेथील खडूच्या खडकातून उगवणाऱ्या झऱ्यांमुळे. या झऱ्यांचे पाणी उन्हाळा असो वा हिवाळा, साधारण १० ते ११ अंश सेल्सिअसच राहते. आपल्या देशातही हिमालयातील आणि निलगिरीतील थंड ओढ्यांच्या काठी ही वनस्पती रुळलेली आहे. माझ्या गॅलरीत झरा नाही. नळ आहे, आणि तोही सकाळीच येतो. म्हणून प्रकल्पाचा प्रश्न मी असा मांडला आहे : या रोपाला झऱ्याकडून नेमके काय हवे असते? पाण्याचा प्रवाह, पाण्याचा भरपूर साठा, की पाण्याचा गारवा?

नावाबद्दल आधीच लिहून ठेवते, कारण रोपवाटिकेत पहिला घोळ तिथेच झाला. वॉटरक्रेसच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘नॅस्टर्शियम’ आहे, पण बागेत त्याच नावाने ओळखले जाणारे केशरी फुलांचे वेल वेगळ्याच कुळातले आहेत. ‘नॅस्टर्शियम आहे का’ असे विचारल्यावर रोपवाटिकेतील दादांनी अर्थातच ती फुलझाडे पुढे केली. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘नाक मुरडणारा’ असा सांगितला जातो. पान चावल्यावर जो झणका नाकात चढतो त्यावरून तो पडला. मराठीत आपण नाक मुरडतो ते नापसंतीने, आणि घरातील मंडळींनी प्रकल्पाची कल्पना ऐकल्यावर ते केलेच.

२५ ऑक्टोबर २०२४

ऑनलाइन मागवलेले बी आले. पाकिटावर वॉटरक्रेस असे छापलेले आहे, परंतु आतील दाणे लांबट, तांबूस-तपकिरी आणि दोन-अडीच मिलिमीटरचे आहेत. शंका आल्याने चिमूटभर दाणे वाटीत भिजत घातले. दहा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत थर तयार झाला. हा प्रयोग मराठी घरातील कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. हे अळीव आहेत.

अळीव आणि वॉटरक्रेस ही दोन्ही मोहरीच्याच कुळातली असून दोघांच्या पानांची चवही जवळची आहे, त्यामुळे इंग्रजीत दोघांच्या नावात ‘क्रेस’ येते. परंतु अळीव कोरड्या जमिनीत वाढणारे वर्षायू पीक आहे, तर वॉटरक्रेस ही पाणथळ जागेत पसरणारी बहुवर्षायू वनस्पती आहे. शेजारच्या काकूंनी पाकीट पाहून विचारले, “अहो, लाडवांचे अळीव एवढ्या महाग कशाला घेतलेत?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. विक्रेत्याने पैसे परत केले, बी परत मागितले नाही. थोडे अळीव ओल्या टिपकागदावर पसरून ठेवले आहेत, उरलेले काकूंकडे गेले.

२ नोव्हेंबर २०२४

टिपकागदावरील अळीव बोटभर उंच झाले. आज कात्रीने कापून काकडीच्या कोशिंबिरीत घातले. आठ दिवसांत, मातीशिवाय, काहीही न करता तयार झालेले हे पीक पाहून मूळ प्रकल्पाची गरज काय, असा प्रश्न घरात पुन्हा उपस्थित झाला. तो मी नोंदवून ठेवते आणि पुढे जाते.

७ नोव्हेंबर २०२४

दुसऱ्या विक्रेत्याकडून खरे बी आले. दाणे खसखशीसारखे बारीक असून भिजल्यावर बुळबुळीत होत नाहीत. तीन मांडण्या आज उभ्या केल्या.

मांडणी ‘क’ : आठ इंची प्लॅस्टिकची कुंडी, प्लॅस्टिकच्या ताटलीत, ताटलीत कायम दोन बोटे पाणी. मांडणी ‘ख’ : त्याच मापाची, रंग न दिलेली लाल मातीची कुंडी, मातीच्याच पसरट परातीत, पाणी तेवढेच. परात कुंभारवाड्यातून आणली. मांडणी ‘ग’ : वीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब, त्यात जाळीच्या कुंड्या अर्ध्या बुडवलेल्या आणि पाणी खेळते राहावे म्हणून मत्स्यटाकीतील छोटा पाणबुडा पंप. माझ्या मनात ‘ग’ हीच खरी मांडणी होती; तिला मी झऱ्याची धाकटी बहीण समजत होते, आणि ‘क’ व ‘ख’ केवळ तुलनेसाठी ठेवल्या होत्या.

भरणासाठी दोन भाग पोयटा माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चाळलेले गांडूळखत आणि मूठभर चुनखडीची भुकटी घेतली. चुनखडी यासाठी, की या रोपाला उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी माध्यम मानवते. खडूच्या झऱ्यांत कॅल्शियम पाण्यातूनच मिळते, इथे ते मातीतून द्यावे लागेल. शेणखत मुद्दाम टाळले आहे. जी पाने कच्ची खायची आहेत त्यांच्या मुळाशी साचलेल्या पाण्यात शेण नको. बी मातीत पुरले नाही, कारण त्याला उगवण्यासाठी उजेड लागतो. ओल्या पृष्ठभागावर चिमटीने भुरभुरले आणि वरून ओले मलमलीचे कापड ताणून बसवले.

९ नोव्हेंबर २०२४

परदेशी भाज्या ठेवणाऱ्या एका दुकानात वॉटरक्रेसची एक जुडी मिळाली. पाने खुडून घेतली आणि पेरांसह उरलेल्या बारा काड्या काचेच्या ग्लासात, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या. खोड पोकळ आहे. याच पोकळीमुळे पाण्यात ते तरंगते. तीन काड्यांच्या पेरांवर पांढरे ठिपके आधीच दिसत आहेत.

१४ नोव्हेंबर २०२४

बारापैकी दहा काड्यांना पेरापेरातून पांढऱ्या मुळ्या फुटल्या असून त्या दोन ते चार सेंटिमीटर लांब आहेत. पाच दिवसांत! पुदिन्याच्या काड्या ज्यांनी ग्लासात लावल्या आहेत त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल, पण हा वेग पुदिन्यालाही मागे टाकणारा आहे. प्रत्येक मांडणीत तीन काड्या तिरप्या खोचल्या, दहावी ग्लासातच राहू दिली. दुसऱ्या बाजूला बियांपैकी अद्याप एकही उगवलेले नाही. हा प्रकल्प कोणी पुन्हा केलाच, तर बियांच्या पाकिटावर वेळ घालवण्याऐवजी सरळ एक जुडी विकत घ्यावी.

१९ नोव्हेंबर २०२४

बाराव्या दिवशी बी उगवले. ‘ख’मध्ये सर्वांत दाट, ‘क’मध्ये विरळ, ‘ग’मधील जाळीच्या कुंड्यांत पाण्याच्या हालचालीने बी वाहून एका कोपऱ्यात गोळा झाले आहे आणि तिथेच हिरवी चकती तयार झाली आहे. रात्रीचा गारवा आता जाणवतो आहे आणि उगवण त्यानंतरच झाली, हे नोंदण्यासारखे आहे.

२१ नोव्हेंबर २०२४

महापालिकेचे कीटक-तपासणी करणारे कर्मचारी आज सोसायटीत आले होते. गॅलरीतील दोन ताटल्या आणि एक टब पाहून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी विजेरीने तळ तपासला. अळ्या सापडल्या नाहीत, तरी त्यांनी शांतपणे जे सांगितले ते बरोबरच होते. डेंगीचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस पुरतात, म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगितले जाते. ज्या भाजीचा सगळा संसार पाण्यात आहे तिला कोरडा दिवस कसा पाळायला लावायचा, हा माझा खरा प्रश्न होता.

उपाय असा ठरला. ‘क’ आणि ‘ख’चे पाणी रोज सकाळी संपूर्ण ओतून टाकायचे, ताटली आणि परात घासणीने घासायची (डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसते पाणी ओतून भागत नाही), आणि आदल्या सकाळी बादलीत भरून झाकून ठेवलेले पाणी घालायचे. रात्रभर ठेवल्याने नळाच्या पाण्यातील क्लोरीनही बरेचसे उडून जाते. कुंडीतील माती एवढी ओली असते की त्या पाच मिनिटांत रोपांना काही होत नाही. ‘ग’चे वीस लिटर पाणी मात्र रोज बदलणे शक्य नाही; तिच्यावर बारीक जाळी बांधली असून दर रविवारी ती पूर्ण उपसायची आहे. ओतलेले पाणी वाया जात नाही, ते जास्वंद आणि कढीपत्त्याला जाते.

५ डिसेंबर २०२४

बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळानंतर आठवडाभर आकाश ढगाळ आणि रात्री उबदार आहेत. तिन्ही मांडण्यांतील शेंडे लांबट व फिके झाले. ‘क’च्या कोवळ्या पानांमागे मावा आहे.

कच्च्या खाण्याच्या पानांवर निंबोळी तेल फवारले, तर कीड जाईल पण कडवट वास राहील. त्यामुळे एक सोपा उपाय करून पाहिला, जो पाण्यातील वनस्पतीलाच चालेल : मातीवर कापड बांधून कुंडी उलटी धरली आणि संपूर्ण पालवी बादलीभर पाण्यात बुडवून पंधरा मिनिटे तशीच ठेवली. बराच मावा सुटून वर तरंगला, उरलेला नळाच्या धारेने गेला. कोथिंबिरीला असे केले असते तर ती झोपली असती. हे रोप मात्र बाहेर काढल्यावर ताजेतवाने दिसत होते. तीन दिवसांनी पुन्हा एकदा करणार आहे.

१५ डिसेंबर २०२४

पहिली खुडणी. काड्यांपासून वाढलेल्या रोपांचे शेंडे दहा-बारा सेंटिमीटरवर, पेराच्या वर कापले. ‘ख’मधून ६२ ग्रॅम, ‘क’मधून ४१ ग्रॅम, ‘ग’मधून २८ ग्रॅम.

चव : आधी काकडीसारखी ओलसर, मग जिभेच्या मागच्या बाजूस मोहरीचा झणका, शेवटी किंचित कडू. मुळ्याच्या डिंगऱ्या ज्यांना आवडतात त्यांना ती लगेच कळेल. हा तिखटपणा अखंड पानात नसतोच. पान चावले किंवा चिरले की पेशी फुटतात, त्यातील विकर (एन्झाइम) वेगळ्या ठेवलेल्या गंधकयुक्त संयुगाला भेटते आणि तिखट द्रव्य त्या क्षणी तयार होते. मोहरी फेसल्यावर घडते तेच हे. म्हणून ही भाजी शिजवली की तिचा नूर जातो. दही, शेंगदाण्याचे कूट आणि चिमूटभर साखर घालून केलेली कोशिंबीर ज्वारीच्या भाकरीशी उत्तम लागली. फोडणी देऊ नये असे माझे मत आहे, कारण फोडणीतील मोहरी आणि पानातील मोहरीपणा एकमेकांच्या पायात येतात.

एक सावधगिरी इथे लिहिणे आवश्यक आहे. ओढ्याकाठची रानटी वॉटरक्रेस कच्ची खाऊ नये, कारण जिथे गुरे-मेंढ्या चरतात आणि पाण्यात गोगलगायी असतात तिथे यकृतातील पर्णकृमीच्या सूक्ष्म अवस्था पानांना चिकटलेल्या असू शकतात. नळाच्या पाण्यावरील कुंडीत ते चक्र पूर्ण होत नाही, तरीही पाने धुऊनच घेतली. आणखी असे, की या पानांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते. शेजारचे काका रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेतात, म्हणून त्यांच्याकडे वाटी पाठवण्याआधी त्यांनी डॉक्टरांना विचारावे असे काकूंना सांगितले. काकू म्हणाल्या, “राहू द्या, ते तसेही पालेभाजीला हात लावत नाहीत.”

२९ डिसेंबर २०२४

‘क’ व ‘ख’ दोन्हींतील खालची पाने पिवळी पडू लागली आहेत, शेंडे हिरवे आहेत; हे नत्राच्या कमतरतेचे लक्षण आहे. कारण उघड आहे आणि ते माझ्याच उपायात आहे : रोज पाणी ओतताना त्यात विरघळलेली अन्नद्रव्येही मी जास्वंदीला घालते आहे. (जास्वंद यंदा कधी नव्हे एवढी फुलली आहे.) झऱ्यात रोज नवे पाणी नवे नायट्रेट घेऊन येते; माझ्या बादलीतले पाणी रिकाम्या हाताने येते. आजपासून पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, आठवड्यातून दोनदा, सकाळी बदललेल्या पाण्यात. खुडणीच्या आधीचे चार दिवस फक्त साधे पाणी.

१० जानेवारी २०२५

पिवळेपणा थांबला, नवी पाने रुंद व गडद आहेत. मात्र बाहेरच्या पानांवर जांभळट झाक आली. आधी स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता समजून मी खत वाढवणार होते. परंतु खतात स्फुरद आहे, नवी वाढ जोमदार आहे आणि जांभळेपणा फक्त कठड्याकडील, थंडी थेट लागणाऱ्या बाजूलाच आहे. कुंडी अर्धवर्तुळात फिरवून ठेवली. कारण थंडी असेल तर आठवडाभरात दुसरी बाजू रंगेल.

१८ जानेवारी २०२५

दुसरी बाजू रंगली. खत वाढवले नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात ‘ख’मधून आतापर्यंतची सर्वांत मोठी खुडणी, ९५ ग्रॅम. ‘ग’ मात्र रखडली आहे. टबाच्या आतल्या भिंतींवर हिरवे शेवाळ, मुळ्या तपकिरी. पंपाची घरघर रात्री झोपेत व्यत्यय आणते अशी तक्रार घरातून तीनदा आली आहे.

२७ जानेवारी २०२५

‘क’मध्ये पानांना खिडक्या पडल्यासारखी पारदर्शक भोके दिसली. फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती, हात लागताच धाग्याला लटकून खाली येणारी अळी सापडली. कोबीवर येणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग तो हाच. मोहरीच्या कुळातील पीक त्याने तिसऱ्या मजल्यावरही शोधून काढले. पाच अळ्या हाताने वेचल्या.

९ फेब्रुवारी २०२५

प्रकल्पातील महत्त्वाची नोंद आजची आहे, आणि ती मी नोव्हेंबरमध्येच घ्यायला हवी होती. दुपारी तीन वाजता, सावलीत, एकाच तापमापकाने मोजणी केली. हवा ३१ अंश. ‘क’च्या ताटलीतील पाणी २९. ‘ख’च्या परातीतील पाणी २३. ‘ग’च्या टबातील पाणी ३०.

दोन आकडे थांबून पाहण्यासारखे आहेत. मातीची कुंडी आणि परात सच्छिद्र असल्याने त्यांच्या बाहेरील अंगावर पाणी पाझरते आणि कोरड्या हवेत ते उडून जाताना आतील उष्णता घेऊन जाते. हे तत्त्व मी पाठ्यपुस्तकातून अनेक वर्षे शिकवले आहे आणि रोज माठातले पाणी पिते आहे, तरीही कुंडी निवडताना ते मला सुचले नव्हते. मातीची कुंडी मी केवळ तुलनेसाठी घेतली होती. दुसरा आकडा ‘ग’चा. पाण्यात बुडालेल्या पंपाची मोटार तिची सर्व उष्णता त्याच पाण्यात सोडते, आणि प्लॅस्टिकच्या भिंतीतून बाष्पीभवन होत नाही. मी प्रवाह निर्माण करण्याच्या नादात चोवीस तास चालणारी एक लहानशी शेगडी टबात ठेवली होती.

पंप आज बंद केला. त्याऐवजी ‘ग’मध्येही पाणी कमी करून रोज बदलण्यास सुरुवात केली.

१६ फेब्रुवारी २०२५

सात दिवस दुपारी तीनच्या मोजण्या घेतल्या. ‘ख’ हवेपेक्षा सात ते नऊ अंशांनी गार, ‘क’ एक ते दोन अंशांनी. एक दिवस ढगाळ आणि दमट होता. त्या दिवशी ‘ख’चा फरक चारवर आला. त्यावरून असा अंदाज करते, की मुंबई किंवा कोकणातील दमट हवेत मातीच्या कुंडीचा हा लाभ बराच कमी मिळेल, तर नाशिक, नगर, सोलापूर अशा कोरड्या हवेच्या गावांत अधिक. कुंडीच्या बाहेर क्षारांचे पांढरे पोपडे धरत आहेत; छिद्रे बुजू नयेत म्हणून नारळाच्या शेंडीने दर रविवारी घासते. रंगवलेली किंवा चकचकीत लेप दिलेली कुंडी या कामी निरुपयोगी आहे.

२ मार्च २०२५

‘क’च्या रोपांनी शेंड्याला कळ्या धरल्या. दिवस मोठा होऊ लागला की हे रोप फुलोऱ्याकडे वळते, आणि उष्णता त्यात भर घालते. पाने लहान, देठ चिवट, चव कडू. कळ्या खुडून पाहिल्या. चार दिवसांत बगलेतून नव्या आल्या.

‘ख’मध्ये कळ्या आहेत, पण खालच्या फांद्यांना अजून खाण्याजोगी पाने आहेत. ५० ग्रॅम.

१२ मार्च २०२५

दुपारी हवा ३७, ‘ख’चे पाणी २६. ‘क’ची रोपे माना टाकून आहेत आणि संध्याकाळीही सावरत नाहीत. ‘क’ व ‘ग’ आज बंद केल्या. ‘ग’च्या मुळ्या काढताना सडका वास आला; टब साबणाने धुऊन कपडे धुण्यासाठी वापरात आला आहे, आणि घरातील सर्वांना तो त्या रूपात अधिक पसंत आहे.

एकूण खुडणी : ‘ख’ ३८४ ग्रॅम, ‘क’ २०६ ग्रॅम, ‘ग’ ७१ ग्रॅम. ‘क’ आणि ‘ख’ यांना पाणी, खत, ऊन, माती सर्व सारखे मिळाले; फरक भांड्याचा होता. अर्थात एकेकच कुंडी असल्याने याला प्रयोग म्हणण्यास मी कचरते. पुढील हिवाळ्यात मातीच्या चार आणि प्लॅस्टिकच्या चार कुंड्या घेऊन, १५ नोव्हेंबरच्या सुमारास, फक्त काड्यांपासून सुरुवात करणार आहे.

३० मार्च २०२५

‘ख’मधील दोन फांद्या मुद्दाम फुलू दिल्या होत्या. चार पाकळ्यांची लहान पांढरी फुले येऊन गेली आणि आता दीड सेंटिमीटरच्या, किंचित वाकलेल्या शेंगा धरल्या आहेत. पाडव्याच्या गडबडीतून दुपारी वेळ काढून एक पिकत आलेली शेंग नखाने उकलली आणि भिंगाखाली पाहिली. वॉटरक्रेसच्या दोन जवळच्या जाती आहेत. एकीच्या शेंगेच्या प्रत्येक कप्प्यात बियांच्या दोन ओळी असतात, दुसरीच्या कप्प्यात एकच. दुकानातल्या जुडीवर कोणती जात ते लिहिलेले नव्हते, आणि ऑक्टोबरमधील पाकिटाच्या अनुभवानंतर छापील नावावर माझा विशेष विश्वासही उरलेला नाही.

दोन ओळी आहेत. उरलेल्या शेंगा वाळून तडकण्याआधी काढण्यासाठी फांद्यांवर कागदी पिशवी बांधली असून, कुंडी दुपारपुरती माठाशेजारी, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली हलवली आहे.